मुलांची प्ले थेरपी : गोव्यातले पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मुलाला मानसतज्ज्ञाकडे न्यायचं ठरवायलाच घराला बराच वेळ लागतो. शेजारी काय म्हणतील, शाळेत कळेल का, आजी-आजोबांना काय सांगायचं, हे सगळं पार करून पालक येतात आणि आत पाहतात तर वाळू, बाहुल्या आणि मातीचे गोळे! प्ले थेरपी म्हणजे खेळातून मुलाच्या मनावर केलेला उपचार. म्हापसा असो की केपे, मग विचारले जाणारे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतल्या मुलांचे तपशील बदललेले आहेत, काही ठिकाणी दोन-तीन मुलांची मिळून एक गोष्ट केली आहे, तेव्हा कुणी ओळखू पाहू नये.

खेळायचंच असेल तर घरी खेळेल की. त्यासाठी फी कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारलाच पाहिजे. घरचा खेळ मुलाचा स्वतःचा असतो, तो तसाच राहावा. थेरपीच्या खोलीत मात्र एक मोठं माणूस चाळीस-पंचेचाळीस मिनिटं फक्त त्या मुलासाठी बसलेलं असतं. ते शिकवत नाही, घाई करत नाही, फोन उचलत नाही, आणि मूल जे मांडतं त्याचा अर्थ लावायचं प्रशिक्षण त्यानं घेतलेलं असतं. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच खोली. लहान मुलाला आपल्याला काय होतंय ते वाक्यांत सांगता येत नाही. बहुतेक वेळा ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. खेळात ते मांडता येतं, आणि मांडलेलं बदलूनही बघता येतं. उपचार घडतो तो या दुसऱ्या भागात.

एक सहा वर्षांचा मुलगा घ्या. सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, दारात आला की याच्या पोटात दुखायला लागायचं. रविवारी कधी नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून पोटात काही नसल्याचं सांगितलं होतं. पपा शिपवर, घरी आई आणि आजी. पहिल्या दोन भेटींत तो बोललाच नाही. वाळूच्या ट्रेपाशी गेला, प्लॅस्टिकची शिप उचलली, वाळूत पुरली आणि वरून तळहातानं थोपटून सारखं केलं. मग उकरून काढली. पुन्हा पुरली. समोर बसलेल्या थेरपिस्टनं एवढंच म्हटलं, "शिप दिसेनाशी झाली." थोड्या वेळानं, "आता आली." चौथ्यांदा पुरताना तो वर न बघता म्हणाला, "ह्या वेळी लवकर येईल."

पुढच्या काही भेटींत शिप मागे पडली आणि घर आलं. त्यानं आईची बाहुली घरात ठेवली आणि चारी बाजूंनी ठोकळे रचले, एकही फट न ठेवता. थेरपिस्ट म्हणाली, "आई आता घरातच राहणार. तिला कुठेच जाता येणार नाही." त्यानं मान डोलावली आणि बस शाळेकडे नेली. पोटदुखी कुठून येत होती ते इथे दिसलं. शाळेत भिण्यासारखं काही नव्हतं. पपा गेले तशी आपण घराबाहेर असताना आईही गेली तर, ही त्याची भीती होती. बऱ्याच आठवड्यांनी त्यानं एक ठोकळा काढला आणि सांगितलं, "हे दार. बाजारात जायला." दरम्यान आईनंही आपल्या बाजूनं दोन गोष्टी केल्या होत्या: तो शाळेत असताना आपण कुठे असू ते रोज सकाळी सांगायचं, आणि पपांच्या फोनची वेळ कॅलेंडरवर मांडायची.

हा खेळ शंभर वर्षांपूर्वीही कुणी तरी पाहून लिहून ठेवला आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२० साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाबद्दल लिहिलं. दोरा बांधलेलं लाकडी रीळ तो पलंगाच्या कडेपलीकडे फेकायचा, ते दिसेनासं झालं की 'गेलं' अशा अर्थाचा आवाज काढायचा आणि ओढून परत आणलं की आनंदायचा. आईचं जाणं त्याच्या हातात नव्हतं. रिळाचं जाणं-येणं होतं.

ही पद्धत आली कुठून? नवीन काही फॅड तर नाही?

नवीन नाही. १९२० च्या दशकात मेलनी क्लाईन यांनी बर्लिनमध्ये मुलांच्या मनोविश्लेषणासाठी छोटी छोटी खेळणी वापरायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र खण असे. १९२६ साली त्या लंडनला गेल्या. त्यांच्या मते मोठ्यांच्या विश्लेषणात मनात येईल ते बोलण्याला जी जागा, ती मुलांत खेळाला. म्हणून त्या खेळाचा अर्थ मुलाला लगेच सांगत. सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांना हे पटत नव्हतं. मूल गाडी आपटतं तेव्हा कधी कधी त्यानं आज सकाळी रस्त्यावर अपघात पाहिलेला असतो, प्रत्येक खेळात दडलेला अर्थ शोधू नये, आधी मुलाशी विश्वासाचं नातं जोडावं, असं त्या म्हणत. १९४० च्या दशकात ब्रिटिश मनोविश्लेषकांमध्ये या दोन बाजूंचा वाद इतका तापला की संस्था फुटायची वेळ आली. तो वाद आज जुना वाटेल, पण दिसलेला अर्थ मुलाला सांगायचा की मनात ठेवायचा, हा निर्णय थेरपिस्टला आजही दर भेटीत घ्यावा लागतो. मला स्वतःला ॲना फ्रॉइड यांचा सावधपणा जवळचा वाटतो.

लंडनमध्येच मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं आणि तिथून वाळूचा ट्रे आला. डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ. ते कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत, मूल तिचं काही तरी बनवे, मग मूल रेघ ओढे आणि ते बनवत. गप्पा त्यातूनच निघत. आणि १९४७ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाईन यांनी, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर उभी असलेली, मुलाच्या कलानं चालणारी पद्धत पुस्तकरूपात मांडली. आज सर्वाधिक चालते ती हीच.

मग थेरपिस्ट करतात काय? नुसत्या बघत बसतात?

बाहेरून तसंच दिसतं. ॲक्सलाईन यांनी सांगितलेल्या आठ तत्त्वांचा गाभा असा: मूल जसं आहे तसं स्वीकारायचं, वाट मुलानं दाखवायची, त्याच्या भावना ओळखून त्या त्याच्यापुढे शब्दांत ठेवायच्या, घाई करायची नाही, आणि मर्यादा अगदी गरजेपुरत्याच घालायच्या. वाचायला सोपं आहे. मूल वीस मिनिटं पाठ करून बसलेलं असताना त्याला प्रश्न न विचारणं किती कठीण असतं, ते केल्यावरच कळतं.

मर्यादा असतातच. स्वतःला किंवा थेरपिस्टला इजा करायची नाही, खोलीतली वस्तू मुद्दाम मोडायची नाही, वेळ संपली की थांबायचं. एखाद्यानं लाकडी ठोकळा फेकायला हात उगारला तर "असं करतात का?" असं म्हणत नाहीत. प्ले थेरपिस्ट गॅरी लँड्रेथ यांनी घालून दिलेल्या तीन पायऱ्या बहुतेक जण वापरतात: आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. "तुला माझा खूप राग आलाय. मला मारायचं नसतं. ठोकळा त्या उशीवर फेकता येईल." आवाज न चढवता, हवं तर चार वेळा. राग ओळखला गेला आणि तरीही कुणाला लागलं नाही, हा अनुभव काही मुलांना पहिल्यांदा या खोलीत मिळतो.

मुलाच्या मागे जाणारी ही पद्धत सोडून दुसरीही एक आहे. तिच्यात थेरपिस्ट खेळ ठरवून आणते. अंधाराला भिणाऱ्या मुलाबरोबर टॉर्चचा लपंडाव, राग किती चढला ते दाखवायला चित्रातला थर्मामीटर, काळजी करणाऱ्या कठपुतळीला धीर देण्याचं काम मुलाकडे. ठरावीक भीतीसाठी हा मार्ग जास्त सरळ पडतो. अनेक थेरपिस्ट दोन्ही वापरतात.

खोलीत कोणती खेळणी असतात?

घर आणि माणसांच्या बाहुल्या, प्राणी (पाळीव आणि भीतिदायक दोन्ही), भातुकली, डॉक्टरचा सेट, पोलीस, गाड्या, माती, रंग, कठपुतळ्या, वाळू, पाणी. परदेशी यादी तशीच्या तशी उचलली तर गोव्यातलं मूल त्यात आपलं घर शोधत राहतं. म्हणून ट्रेजवळच्या फळीवर होडी हवी, कदंबची बस हवी, तुळशीवृंदावन हवं, देऊळ आणि चर्च दोन्ही हवीत, नारळाच्या करवंट्या हव्यात. समुद्राची वाळू धुऊन कडक उन्हात वाळवून घ्यावी लागते, आणि जून-जुलैत ती दमटच राहते. मुलांना ती जास्त आवडते, कारण तिचे बोगदे टिकतात.

बॅटरीवर आपोआप चालणारी खेळणी, टॅब, एकच बरोबर उत्तर असलेली कोडी शक्यतो नसतात. खेळणं महाग असण्याची काहीच गरज नाही.

मारामारी, बाहुलीचा गळा दाबणं, सगळ्यांना मारून टाकणं. असं खेळू दिलं तर मूल जास्त हिंसक होणार नाही का?

काळजी रास्त आहे, आणि उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. उशी बडवून राग 'बाहेर काढला' की तो कमी होतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. नुसतं बडवत राहिल्यानं राग वाढूही शकतो. म्हणून कुठलाही जाणकार थेरपिस्ट मुलाला तेवढंच करायला सोडून देत नाही.

खेळातल्या मारामारीला मात्र गोष्ट असते. कोण कुणाला मारतंय, कुणाला वाचवायला कोणी येत नाही, मेलेला पुन्हा उठतो का, हे महत्त्वाचं. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. आठ वर्षांच्या एका मुलीनं चवथीच्या सुट्टीनंतर मातीचा नरकासुर करायला घेतला. दात मोठे, डोळे मोठे, आणि हात कमरेच्या पट्ट्यावर. दर आठवड्याला ती त्याला पाडायची आणि दर आठवड्याला तो उठायचा. कृष्ण आणायचं तिच्या मनात येत नव्हतं. "ह्याला कोणीच हरवू शकत नाही?" असं थेरपिस्टनं विचारल्यावर ती म्हणाली, "सगळे झोपलेत." घरात रात्री बाबा पिऊन आल्यावर काय चालतं, ते पुढे आईनं स्वतःहून सांगितलं. उपचार मग मुलीपुरता राहिला नाही. बाबांना व्यसनमुक्तीसाठी पाठवावं लागलं, आईलाही आधाराची गरज होती. नरकासुर काही महिन्यांनी पडला. पाडायला तिनं स्वतःला एकटीला नाही, मातीची पाच माणसं उभी केली होती.

हे लिहिताना एक भीती वाटते: हे वाचून कुणी आपल्या मुलाच्या मातीच्या राक्षसात दारू शोधायला लागेल. तसं करू नका. बहुतेक राक्षस हे फक्त राक्षसच असतात.

एकच खेळ आठवडेच्या आठवडे चालतो. हे ठीक आहे का?

बहुतेक वेळा हो. इस्पितळात राहून आलेलं मूल महिनाभर सगळ्यांना इंजेक्शन देत सुटतं. जे आपल्याला झालं ते आता आपण दुसऱ्याला करतोय, यातून ते पचतं. बघायचं ते इतकंच की खेळ हळूहळू बदलतोय का. एखादं नवीन पात्र आलं, शेवट वेगळा झाला, मूल हसलं, खेळ संपल्यावर मोकळं दिसलं, तर काम चाललं आहे.

कधी कधी मात्र खेळ अडकतो. १९७६ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी शाळेची बस पळवून २६ मुलांना आणि चालकाला जमिनीखाली पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं होतं. सगळे सुटले. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी नंतर त्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की काही मुलं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळत होती. चेहऱ्यावर आनंद नाही, शेवटात बदल नाही, आणि खेळून झाल्यावर भीती कमी होण्याऐवजी तशीच किंवा वाढलेली. असा खेळ नुसता पाहत राहणं योग्य नाही. तिथे थेरपिस्टनं आत शिरून, मदतीला येणारं पात्र आणून किंवा वेगळा शेवट सुचवून, गाडी हलवावी लागते. घरी असा कोरडा, यांत्रिक, दमवणारा खेळ दिसत असेल तर थांबू नका, दाखवा.

आत काय खेळला, काय बोलला, ते आम्हाला का सांगत नाहीत?

कारण आतलं बाहेर जातं हे कळलं की मूल आत काही आणत नाही. पालकांना अंधारात ठेवायचं असा याचा अर्थ मुळीच नाही. दर चार-पाच भेटींनंतर पालकांची स्वतंत्र भेट असतेच. तिथे मूल कुठल्या विषयाशी झगडतंय, घरी काय बदलायला हवं, प्रगती कितपत आहे, हे सांगितलं जातं. वाक्यन् वाक्य सांगितलं जात नाही.

काही गोष्टी मात्र गुप्त राहत नाहीत आणि तसं मुलालाही त्याच्या भाषेत सांगितलेलं असतं. मूल स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा त्याला कुणी इजा करत असेल, तर ते सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती पोलिसांना कळवणं थेरपिस्टवरही बंधनकारक आहे. घरच्यांची इच्छा नसली तरी.

आणि एक विनंती. बाहेर आल्या आल्या गाडीत "काय केलंस? काय विचारलं? तू काय सांगितलंस?" हे नको. भूक लागली का, एवढं विचारा.

खेळात किंवा चित्रात दिसलं म्हणजे तसं घडलंच असणार ना?

नाही. हे मी शक्य तितक्या ठामपणे सांगते. खेळ हा पुरावा नसतो. मूल पाहिलेलं, ऐकलेलं, टीव्हीवरचं, कल्पनेतलं आणि घडलेलं एकत्र मिसळून खेळतं. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपांच्या प्रकरणात कठपुतळ्या हातात घेऊन मुलांना सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि मुलं विलक्षण गोष्टी सांगू लागली. कित्येक वर्षं खटला चालला, १९९० साली तो एकही दोषसिद्धी न होता संपला. सुचवून विचारलं की मुलाच्या तोंडून आपलंच मनातलं येतं, आणि खरोखर काही घडलं असेल तर तेही त्यात हरवतं.

याची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. मुलानं सरळ काही सांगितलं तर ते झटकू नका. शांतपणे ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा, उलटतपासणी घेऊ नका, आणि १०९८ या चाइल्डलाइनला किंवा पोलिसांना कळवा. मुलांसाठी २००३ सालचा स्वतःचा स्वतंत्र कायदा गोव्याला आहे आणि त्याखाली बाल न्यायालयही आहे. चौकशी त्या यंत्रणेचं काम. थेरपीची खोली मुलाच्या मनासाठी राखलेली बरी.

कुठल्या वयासाठी?

साधारण तीन ते बारा. त्याहून मोठ्यांना बाहुल्या नको असतात, पण वाळू, चित्र, पत्ते, कॅरम चालतं. हात गुंतले की तेराव्या वर्षीही बोलणं सोपं जातं.

किती दिवस लागतात, आणि खरंच उपयोग होतो का?

संशोधक सू ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ९३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. परिणामाचं माप सरासरी ०.८० आलं, संशोधनात याला मोठा परिणाम म्हणतात. २०१५ साली मुलाच्या कलानं चालणाऱ्या पद्धतीचे ५२ अभ्यास अधिक काटेकोरपणे पाहिले गेले तेव्हा ते ०.४७ आलं, म्हणजे मध्यम. यांतले बरेच अभ्यास लहान आहेत, हेही खरं. त्यामुळे 'हमखास' असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मला त्या २००५ च्या तपासणीतली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते: जिथे पालकांना शिकवून सामील करून घेतलं होतं, तिथे परिणाम ठळकपणे जास्त होता.

वेळेचं म्हणाल तर साध्या अडचणीत बारा-पंधरा भेटींत फरक दिसायला हवा. खोल आघात असेल तर वर्षही लागतं. मधे चवथीची सुट्टी, मे महिना, परीक्षा असं खंडित होत गेलं तर मुलाला दर वेळी पहिल्यापासून विश्वास टाकावा लागतो. सुट्टी घ्या, पण मुलाला आधी सांगा आणि परतीची तारीख ठरवून जा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वागणं थोडं बिघडल्यासारखं वाटू शकतं. ते चालतं. तीन महिन्यांनंतरही काहीच हललं नाही तर मात्र थेरपिस्टला सरळ विचारा, आणि गरज वाटली तर दुसऱ्याचा सल्ला घ्या.

ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असेल तर?

प्ले थेरपीनं ऑटिझम 'बरा' होत नाही. संवाद, आळीपाळीनं खेळणं, एकमेकांकडे लक्ष देणं हे वाढवण्यासाठी खेळावर आधारलेल्या वेगळ्या पद्धती आहेत, आणि त्यांच्या जोडीला स्पीच व ऑक्युपेशनल थेरपी लागते. एडीएचडीत अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी की चार-पाच वर्षांच्या मुलांत औषधाच्या आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण द्यावं. म्हणजे तिथेही काम पालकांपासून सुरू होतं. तेच ते विचार आणि हात धुण्यासारख्या कृती थांबतच नसतील तर त्यासाठीची ठरावीक वर्तनोपचार पद्धत आधी हवी. नुसत्या मुक्त खेळात महिने घालवू नयेत.

आम्ही घरी काय करू शकतो?

पुष्कळ. १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्यानं पालकांनाच हे कौशल्य शिकवायला सुरुवात केली. त्यातली घरी करण्याजोगी गोष्ट अशी: आठवड्यातून एकदा अर्धा तास, ठरलेल्या वेळी, एका मुलाबरोबर एकच पालक. पेटीत वेगळी ठेवलेली थोडी खेळणी. फोन दुसऱ्या खोलीत. काय खेळायचं ते मूल ठरवेल.

कठीण असतं ते बोलणं. मुलगी भातुकलीत चहा करून देते आणि आपण सवयीनं विचारतो, "ह्या कपाचा रंग कुठला? किती कप झाले? थँक्यू म्हटलंस का?" शाळा सुरू झाली! त्याऐवजी कप घ्या आणि म्हणा, "तू माझ्यासाठी चहा केलास." ती म्हणेल, "गरम आहे, फुंकर मार." मग फुंकर मारा. तिनं चहा सांडून "तुला नाही मिळणार" म्हटलं तर शिष्टाचार शिकवायला जाऊ नका. "अरेरे, मला मिळाला नाही" एवढं पुरे. घरात कुणाला काय मिळत नाही, हे ती कदाचित सांगत असेल. नसेलही. शेवटची पाच मिनिटं उरली की आधी सांगा, आणि वेळ झाली की प्रेमानं पण नक्की थांबा. शिक्षा म्हणून ही वेळ कधीही रद्द करू नका. दिवसभर मूल कसंही वागलेलं असो.

घरी मराठी-कोकणी, शाळेत इंग्रजी. थेरपी कुठल्या भाषेत?

मूल ज्या भाषेत खेळतं त्या भाषेत. गोव्यात एकच मूल बाहुलीला कोकणीतून झोपवतं, इंग्रजीतून शिकवतं आणि आजीच्या मराठीतून गोष्ट सांगतं. थेरपिस्टला तिन्ही कळल्या पाहिजेत. तुमच्या भागात तसं कुणी नसेल तर निदान मुलाला भाषा बदलायची मुभा आहे ना, ते पाहा.

मोबाइलवरचे गेम चालतील का?

या कामासाठी नाही. तिथे पुढे काय होणार ते दुसऱ्या कुणी ठरवून ठेवलेलं असतं.

आजी म्हणते दृष्ट काढा, देवळात कौल लावा.

लावा की. आजीची काळजी खरी आहे आणि तिच्या हातच्या मीठ-मोहऱ्यांनी मुलाचं काही बिघडत नाही. तीनच अटी: मुलाला घाबरवायचं नाही, मारायचं-जखडायचं नाही, आणि त्यापायी उपचार लांबवायचा नाही. आजीला एखाद्या भेटीला घेऊन या. मूल दिवसभर तिच्यापाशी असतं, तिला पटलं तर निम्मं काम होतं.

खरा प्रशिक्षित माणूस ओळखायचा कसा, आणि गोव्यात जायचं कुठे?

'प्ले थेरपिस्ट' अशी पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून मूळ शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो क्रमांक मागायला संकोच नको. समुपदेशक असतील तर मुलांसोबतचं प्रशिक्षण कुठे झालं, त्यांच्या कामावर वरिष्ठांची देखरेख आहे का, हे विचारा. पालकांना कधीच न भेटणारे, पहिल्याच भेटीत निदान सांगून वर्षाचं पॅकेज विकणारे, किंवा एका चित्रावरून मुलाचं सगळं मन वाचणारे, यांच्यापासून दूर राहा.

सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. पोटदुखी, अंथरुण ओलं होणं, बोलणं उशिरा, यांची शारीरिक कारणं आधी तपासलीच पाहिजेत. सरकारी सेवेत बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि तिथलीच मनोविकारांसाठीची संस्था, आयपीएचबी, आहे. तिथे केसपेपर काढायला 'वेडा' ठरण्याची भीती बाळगू नका. मुलांना घेऊन रोज कितीतरी आईबाप तिथे जातात. पर्वरीची संगात ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात आणि मुलांच्या विकासाच्या प्रश्नांवर काम करते. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चालू असतो, मोफत.

सत्तरी, सांगे, काणकोणातून दर आठवड्याला बांबोळीला येणं परवडत नाही, बसचा आणि मजुरीचा अख्खा दिवस जातो, हे ठाऊक आहे. अशा वेळी महिन्यातून एकदा या आणि मधले आठवडे वर सांगितलेला घरचा अर्धा तास सांभाळा. तो शिकवून घेण्याचा आग्रह तुम्हीच धरा.

पहिल्या दिवशी मुलाला काय सांगून आणायचं?

खरं सांगून. "आइस्क्रीम खायला जाऊ" म्हणून आणलेलं मूल आपल्यावरचाच विश्वास गमावतं, आणि "तू नीट वागत नाहीस म्हणून" असं सांगितलं तर खोलीच शिक्षा होते. एवढं पुरतं: "सकाळी तुझ्या पोटात दुखतं, तुला त्रास होतो ते मला दिसतं. एक ताई आहेत, त्या मुलांसोबत खेळतात आणि मुलांना कशाचा त्रास होतो ते समजून घेतात. तिथे सुई नाही, परीक्षा नाही. मी बाहेरच बसणार आहे." बसणार म्हटलं की खरंच बसा, दूध आणायला जाऊ नका. कपडे मळले तर चालतील असे घाला. आत यायला नकार दिला तर पहिल्या दिवशी तुम्हीही आत या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसा, आणि फोन बंद करून पर्समध्ये ठेवा.